पडदेमास्तरांचा गळपट्टा

नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलाचा, दोन खांबांमधला जो गाळा त्या महिन्यात साफ करायला घेतलेला असे, तो चारही बाजूंनी जाड ताडपत्रीत गुंडाळलेला असायचा. रोज सकाळी सात वाजता पडदेमास्तर त्या ताडपत्रीसमोर येऊन उभे राहत, कमरेवर हात ठेवत आणि एक शब्दही न बोलता तिच्याकडे बघत. आतली हवा गाळून ओढणारे पंखे घुमत असत. ताडपत्री आतल्या अंगाला ओढली जाऊन पोट खपाटीला गेल्यासारखी दिसली, की मास्तर मान डोलावत. पण एखादा तुकडा बाहेर फुगलेला दिसला, की संपलं!

"हिला कितवा महिना लागलाय रे?" अशी आरोळी यायची, आणि पुढ्यात उभे असलेले बारा जण हसू दाबत चिकटपट्टीची रिळं घेऊन पळायचे. हसायची सोय मात्र तेवढीच. ताडपत्री आत ओढलेली म्हणजे हवा बाहेरून आत जाते आहे, आतली धूळ आतच आहे. बाहेर फुगलेली म्हणजे विष सुटलं, नदीवर, पलीकडच्या चाळींवर, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर. पुलावर रंगाचे सात थर होते आणि सगळ्यांत खालचा शेंदरी थर शिशाने भरलेला होता. तो काढायचा म्हणजे दाबाच्या हवेतून पोलादी दाण्याचा मारा करायचा. लोखंड पांढरंशुभ्र निघतं आणि रंगाचं पीठ होतं. त्या पिठाचा एक कणही पडद्याबाहेर जाता कामा नये, हे मास्तरांचं जगणं होतं. म्हणून तर ते पडदेमास्तर. खरं नाव पगारपत्रकात असेल, कामावर कुणाला आठवत नसे.

आणि काय तो थाट होता! तीन शिट्ट्या वाजल्याशिवाय नळीला कुणी हात लावायचा नाही. पहिलीला टोप चढवायचा, दुसरीला टोपातली हवा तपासायची, तिसरीला मूठ दाबायची. मूठ सुटली की मारा आपोआप बंद, म्हणून मूठ दोरीने बांधून ठेवणाऱ्याला ते सगळ्यांसमोर हात जोडून म्हणत, "महाराज, आपण घरी जा. आपल्याला हात दुखण्याची भीती आहे, आम्हाला हात तुटण्याची."

काम संपल्यावरचा प्रवेश तर ठरलेलाच. एकापाठोपाठ एक तीन खोल्या होत्या: मळकी खोली, न्हाणी आणि उजळ खोली. मळक्या खोलीत अंगावरची धूळ यंत्राने ओढून घ्यायची, झटकायची नाही. बूट, मोजे, अंगरखा सगळं तिथेच उतरवायचं. मग साबणाने न्हायचं, डोक्यावरून, नखांतून. आणि उजळ खोलीत आपले घरचे कपडे. "मळक्या खोलीतून आईने जन्माला घातलं तेवढंच पुढे न्यायचं," मास्तर म्हणत. "बाकी सगळं सरकारजमा."

हा कडकपणा त्यांच्यात कुठून आला, ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकोणिसाव्या वर्षी ते ज्यांच्या हाताखाली लागले त्या माणसाला सगळे काका म्हणत. तेव्हा ना पडदे, ना न्हाणी. हातोडी आणि पत्र्याच्या पट्टीने रंग कोरडाच खरवडायचा, त्याच हातांनी डबा खायचा. पन्नाशीत काकांचं मनगट गेलं. हात पुढे केला की पंजा कोमेजलेल्या देठासारखा खाली लोंबायचा. चहाचा कप दोन्ही मनगटांत धरून ते ओठाशी न्यायचे आणि वर विनोद करायचे, "बघ, मांजर दूध पितंय." पोटात कळ आली की विनोद थांबायचा. बावन्नाव्या वर्षी गेले. त्यांच्या अंत्ययात्रेहून परतताना मास्तरांनी मनाशी जे ठरवलं, ते पुढे बत्तीस वर्षं पाळलं.

काकांकडून एक गोष्ट मात्र त्यांनी जपून ठेवली होती. टोपाखालचा रबरी पट्टा मानेला काचतो, कातडं सोलवटून काढतो. पहिल्या दिवशी काकांनी स्वतःच्या गळ्यातलं मऊ फडकं सोडून पोराच्या मानेभोवती बांधलं होतं आणि म्हटलं होतं, "मान सांभाळ. बाकीचं मी बघतो." तेव्हापासून मास्तरांच्या टोळीत रीतच पडली. नवा माणूस आला की पहिल्या शिट्टीआधी मास्तर स्वतः त्याच्या गळ्यात गळपट्टा बांधत. मास्तरीणबाई तो जुन्या सुती चादरीतून शिवत. तीन पदरी, कडेला दुहेरी दुमड, टाके असे बारीक की बोट फिरवलं तर लागू नयेत. गळपट्टा बांधला की माणूस टोळीचा झाला. मोठमोठ्या मिशांवाल्यांचे डोळे त्या क्षणी पाणावलेले लोकांनी पाहिले आहेत.

आणि हा गळपट्टा मळक्या खोलीत राहत नसे. कंपनीच्या कपड्यांच्या यादीत तो नव्हताच. कंपनी कागदी पट्टे देई, ते घामाने तासाभरात फाटत. मास्तर गळपट्टा गळ्यातच ठेवून न्हाणीत शिरत, अंगाबरोबर त्यालाही साबण लावत, पिळत आणि पिशवीत घालून घरी नेत. घरी बाई तो पुन्हा धुवत. "माझ्याबरोबर न्हालाय तो," मास्तर म्हणायचे, "माझ्याइतकाच स्वच्छ." बारा जणांनी तेच केलं. मास्तर करतात म्हणजे ते बरोबरच.

लंबू तेव्हा त्या बारांतलाच. सहा फूट दोन इंच, ताडपत्रीच्या वरच्या दोऱ्या शिडीविना बांधणारा, आणि बोलण्यात मास्तरांनाही हार न जाणारा. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्याच्या मुलाला ताप भरल्याचा निरोप आला, आणि तो उजळ खोलीतून धावत निघाला तो कामाचेच बूट पायांत घालून. फाटकाशी मास्तर उभे होते.

"पायांत काय आहे?"

"मास्तर, पोरगं तापाने फणफणलंय हो. उद्या आणतो. पुसून आणतो."

"बूट काढ."

"अनवाणी जाऊ?"

"जा."

लंबू अनवाणीच गेला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कागद लिहिला आणि साहेबांनी त्यावर सही केली. मळक्या खोलीतली वस्तू बाहेर नेणारा कामावर राहणार नाही, हा नियम साहेबांनी मास्तरांच्या सांगण्यावरूनच केलेला होता. मोठा साहेब म्हणजे पुलावरचा इंजिनीअर, मनाने मऊ माणूस. तो म्हणाला, "मास्तर, एक ताकीद देऊन सोडू या का?" मास्तर म्हणाले, "काकांचं मनगट ताकीद देऊन गेलं नव्हतं." लंबू गेला, त्याच्या जागी दुसरा आला. आता तो बाजारातल्या एका दुकानाच्या दाराशी पहारेकरी म्हणून उभा असतो.

मास्तरांच्या घरात चार माणसं होती. ते दोघं, त्यांची मुलगी आणि तिची तीन वर्षांची लेक. मुलीचा नवरा दूर जहाजावर असायचा, वर्षातून दोनदा यायचा. नातीला सगळे ठमी म्हणत. ठमीची जीभ पहिल्यापासून धारदार. दोन वर्षांची असताना ती दाराशी उभी राहून आजोबांना विचारायची, "बूट कुठे ठेवले?" मास्तर हात जोडून उत्तर द्यायचे, "सरकारजमा, बाईसाहेब!" मग बाईसाहेब त्यांना आत घेत. या प्रवेशाला रोज टाळ्या पडत.

तिसऱ्या वाढदिवसानंतर काहीतरी बिनसलं. ठमी पोट दाबून बसायची. जेवण बाजूला सारायची. चेहरा पिठासारखा झाला. आणि एक दिवस दाराशी उभं राहून तिने आजोबांच्या पायांकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि "बूट" एवढं म्हणून थांबली. पुढचं वाक्य तिला सापडेना. दोन आठवड्यांनी "बूट"ही गेलं. नुसतं बोट दाखवायची.

मुलीने तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. शिसं मर्यादेच्या सहापट निघालं.

"घरात रंगाचं काम कोण करतं?" डॉक्टरांनी विचारलं.

मुलगी घरी येऊन हेच सांगत होती तेव्हा मास्तर उभेच होते. "माझं रक्त दर दोन महिन्यांनी तपासतात," ते म्हणाले. "त्यात शिसं थोडं जास्त असतं, ते काकांच्या वेळचं, हाडांत बसलेलं. मी घरी काही आणत नाही. नळ बघा. भिंती बघा. ती चिनी खेळणी बघा आधी!"

"बाबा, ओरडू नका. ती घाबरते."

आरोग्यखात्याची तपासनीस बाई शनिवारी आली. बारीक चणीची, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात छोटी पेटी. मास्तरांनी तिला घर असं दाखवलं जसं काही आपल्या हाताने उभारलेलं नेपथ्यच दाखवत आहेत. फरशी, खिडकीच्या चौकटी, नळ, खेळणी, मास्तरांच्या स्कूटरची सीट. बाई प्रत्येक ठिकाणी पेटीतली एक कापसाची काडी घासायची. शिसं असेल तर काडी गुलाबी होते, नसेल तर पिवळीच राहते. पिवळी. पिवळी. पिवळी. प्रत्येक काडीबरोबर मास्तरांची छाती थोडी पुढे येत होती.

"बघितलंत? या घरात धुळीला आत यायला माझी परवानगी लागते."

बाईने चष्म्यावरून गॅलरीकडे पाहिलं. दोरीवर गळपट्टा वाळत होता. "ते काय?"

"ते काही नाही. ते धुतलेलं आहे."

"दोनदा धुतलेलं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "एकदा ते धुतात, एकदा मी."

बाईने दुमडीची शिवण नखाने जरा उलगडली आणि काडी आत फिरवली.  काडी आधी फिकी झाली, मग गुलाबी, मग पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल.

"पाण्याने वरची धूळ जाते," बाई हळू आवाजात म्हणाली. "शिवणीतली जात नाही. तिथे साचत राहते. पण हा गळपट्टा लहान मुलीच्या हातात येतो का?"

मास्तर "नाही" म्हणणार होते. त्यांनी तोंड उघडलंही होतं. मग त्यांची नजर बायकोच्या चेहऱ्याकडे गेली.

मास्तरांची टोळी झाल्यापासूनच्या चौदा वर्षांत कितीतरी गळपट्टे विरले होते. धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं ते कापड टाकून द्यायचा मास्तरीणबाईंना धीर झाला नव्हता. ठमी झाली तेव्हा त्यांनी ते सगळे जोडून तिच्यासाठी गोधडी शिवली होती. निळे तुकडे, पांढरे तुकडे, मध्ये एक पिवळा. ठमीला दुसरं पांघरूण चालत नसे. झोपताना ती गोधडीचा एक कोपरा तोंडात घेऊन चोखायची, आणि घरातले सगळे म्हणायचे, किती गोड दिसते.

तपासनीस बाईने कोपऱ्यावर काडी घासायची गरज नव्हती. तरी तिने घासली.

"मी शिवली," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझ्या हातांनी. मी."

त्या क्षणी मास्तरांनी एक वाक्य बोलायला हवं होतं: कापड मी आणलं. छोटंसं वाक्य. पंख्यांच्या घरघरीवरून आवाज पोहोचवणारा हा माणूस, आपल्या स्वयंपाकघराच्या दारात त्याला ते तीन शब्द उच्चारता आले नाहीत. पुढे आयुष्यभर त्यांना गोधडीपेक्षा ती गप्प राहिलेली घटका जास्त बोचली.

मुलीने त्याच दुपारी बॅग भरली. "मैत्रिणीकडे राहते. घर साफ होईपर्यंत." मग दाराशी थांबून आईला म्हणाली, "आई, तुला नाही म्हणत मी काही." बाबांना काय म्हणते, ते तिने सांगितलं नाही. ठमी गोधडीकडे हात पसरून रडत गेली. शब्द नव्हते, नुसता हात.

तपासनीस बाई जाताना म्हणाली होती की घराचा अहवाल घरापुरताच असतो. कामावर कळवायचं ते तुमचं तुम्ही. म्हणजे वाट मोकळी होती. रविवारचा सगळा दिवस मास्तर त्याच वाटेवर मनाने चालत होते. कंपनीने नवे पट्टे दिलेत, जुने परत आणा, एवढं सांगितलं तर बारा गळपट्टे सोमवारी जमा होतील. कुणाला काही कळणार नाही. शिट्टी गळ्यात राहील. पण गळपट्टे परत येतील, गळपट्ट्यांचं झालेलं परत येईल का? कुणाच्या घरी त्यांची उशी झाली असेल, कुणाच्या घरी बाळाचं दुपटं. खरं कारण कळल्याशिवाय कुठली बाई घरातली उशी उसवून देणार होती?

सोमवारी सात वाजता ते ताडपत्रीसमोर उभे राहिले, पण पाठ ताडपत्रीकडे केली. बारा जण चमकले.

"आज पडदा बघायचा नाही," मास्तर म्हणाले. "माझ्याकडे बघा."

त्यांनी सांगितलं. काडी, शिवण, गोधडी, ठमीचं हरवलेलं वाक्य. सजवलं नाही, आवाज चढवला नाही. गळपट्टा त्यांनी घातलाच नव्हता. मान सोलवटलेली, सुरकुतलेली, उघडी दिसत होती.

 मग मागच्या रांगेतला बोबडा वेल्डर म्हणाला, "मास्तर, आमच्या हिने त्याची उशी केलीय. पोरीची."

"आमच्याकडे तोंड पुसायचं फडकं आहे. बाळाचं," दुसरा म्हणाला.

तिसरा हातातला टोप जमिनीवर ठेवून सरळ फाटकाकडे धावत सुटला.

"तुम्ही बांधलात ना तो," वेल्डर पुन्हा म्हणाला. चिडून नव्हे. समजून घ्यायचा प्रयत्न करत असल्यासारखा. "तुम्ही स्वतःच्या हाताने बांधलात."

"होय," मास्तर म्हणाले.

साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं, पाणी दिलं. "सगळ्यांच्या मुलांची तपासणी आजच करवतो. तुम्ही काही दिवस घरी बसा. ताकीद म्हणून लिहून ठेवू."

"लंबूला ताकीद दिली होती का आपण?"

 मास्तरांनी शिट्टी टेबलावर ठेवली.

लंबूचं घर बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर. दार त्यानेच उघडलं. पहारेकऱ्याचा गणवेश त्याला आखूड होत होता. मनगटं बाहेर आलेली.

"या," तो म्हणाला. मग खाली पाहून, "बूट काढून या. नियम आहे."

मास्तरांनी बूट काढले. आत जाऊन बसले नाहीत, उभ्यानेच सगळं सांगितलं. लंबूचा मुलगा मागे फरशीवर चाकं नसलेली गाडी ढकलत होता.

लंबूने ऐकून घेतलं. मग हसला, पण ते हसू कुणालाच आवडण्यासारखं नव्हतं. "म्हणजे बूट माझे होते म्हणून नियम. आणि गळपट्टा तुमचा होता म्हणून माया. असंच ना?"

"असंच."

"मला वाटलं काहीतरी उलट बोलाल. तेवढी तरी मजा येऊ द्यायची."

"तुझा गळपट्टा कुठे आहे? तो दे. आणि पोराचं रक्त आजच तपास."

"तो नाही माझ्याकडे. तुम्ही मला कामावरून काढलंत त्याच दिवशी नेऊन उकिरड्यात फेकला. बायको ओरडली, चांगलं कापड आहे म्हणून. म्हटलं, त्या माणसाची आठवण घरात नको." त्याने मागे वळून मुलाकडे पाहिलं. "वाचलं ते पोरगं तुमच्यावरच्या माझ्या रागाने. तुम्ही सांभाळलंत ती माणसं बघा आता."

मास्तरांना एक क्षण वाटलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"तरी तपास," ते म्हणाले.

"तपासतो. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही."

बुधवारपर्यंत सगळं जमा झालं. पुलाखालच्या छपरात, जाड प्लास्टिकच्या अंथरुणावर कचऱ्याची पिंपं रांगेत उभी असतात. रंगाचं पीठ, गाळण्या, कागदी अंगरखे सगळं त्यांत जातं. बारा मुलं तपासली, त्यांतल्या चौघांच्या रक्तात शिसं वाढलेलं निघालं. ठमीइतकं कुणाचंच नव्हतं. माणसं येत होती, बांधलेल्या पिशव्या ठेवत होती आणि मास्तरांशी न बोलता जात होती. एकाने फक्त मान हलवली. कामावर मास्तरांचा तो शेवटचा दिवस होता. या एका पिंपाचे कागद तेवढे आपल्याला भरू द्या, असं त्यांनी मागून घेतलं होतं.

फाटकाशी मास्तरीणबाई दिसल्या. चौदा वर्षांत त्या कामाच्या जागी कधी आल्या नव्हत्या. हातात पिशवी, आणि पिशवीतून निळं, पांढरं दिसत होतं. मास्तरांनी ती घ्यायला हात पुढे केले. त्यांनी दिली नाही. पिंपाशी जाऊन स्वतः आत ठेवली, आणि वरचा तुकडा सवयीने हाताने सारखा केला.

पिंपावरच्या चिठ्ठीत रकाने असतात. आत काय, किती, तारीख, आणि शेवटी, कचरा कुणाचा. तिथे नेहमी कंपनीचा शिक्का पडतो. मास्तरांनी लिहिलं: गळपट्टे नऊ, उशा दोन, फडकी, दुपटं एक, लहान मुलीची गोधडी एक. शिक्क्याच्या जागी त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

बाई मागे उभ्या राहून वाचत होत्या. "माझंही लिहा. शिवलंय मी."

"कापड मी आणलं," मास्तर म्हणाले. चार दिवस उशिरा.

 झाकण बसलं, वरचं लोखंडी कडं आवळलं गेलं.

"हे कुठे नेतात?"

"लांब. तिथे तपासतात, सिमेंटात कालवतात आणि जाड अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात. वर माती."

"परत कुणी उघडणार नाही?"

"कधीच नाही."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. पिंपाकडे बघत होत्या, त्यांच्याकडे नाही. "टाके फार बारीक घातले होते मी. उसवताना कुणाचीही बोटं सोलवटली असती."